व्हिममध्ये पायथॉनची फाइल सेव्ह करताना संगणक अडकतो; जुन्या मशीनसाठी हलकं सिंटॅक्स चेकर सुचवा

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीच्या मुलांना पायथॉन शिकवते. लॅबमध्ये १८ संगणक आहेत, सगळे २ जीबी रॅमचे, डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेले. लॅबमध्ये इंटरनेट नाही. जे घालायचं ते पेनड्राइव्हवरूनच. एडिटर व्हिम आहे आणि चुका दाखवायला सिंटॅस्टिक हे प्लगइन बसवलं आहे.

अडचण अशी की फाइल सेव्ह केली की व्हिम चार-पाच सेकंद गोठतो. गंमत वाटेल, पण चूक असलेली फाइल पटकन सेव्ह होते आणि ज्या मुलाचा प्रोग्रॅम बिनचूक आहे त्यालाच ताटकळावं लागतं. मुलं घाबरून पुन्हा पुन्हा बटणं दाबतात. असं का होत असावं?

दुसरं म्हणजे प्रोग्रॅममध्ये मराठी वाक्य छापायचं असेल तर 'ई ५०१, ओळ फार लांब' अशी तक्रार येते. पडद्यावर ओळ लांब दिसतच नाही. मुलांना काय उत्तर द्यावं कळत नाही. मला मुक्त-स्रोतच साधन हवं आहे, कारण मुलं ते घरी नेऊन बसवतात.

प्रतिसाद १

मॅडम, तुमचं निरीक्षण अचूक आहे. गोठण्याचं कारण त्यातच दडलं आहे. सिंटॅस्टिक पायथॉनसाठी तीन चेकर ओळीने चालवतं: आधी पायथॉन स्वतः, मग लिहिण्याची शैलीही तपासणारं फ्लेक८, शेवटी सखोल तपासणारं पायलिंट. ज्याला चूक सापडेल तिथेच ते थांबतं. फाइल स्वच्छ असेल तर पायलिंटपर्यंत जातं, आणि पायलिंट इम्पोर्ट केलेल्या (बाहेरून आणलेल्या) मॉड्यूलमध्येही शिरून तपासत असल्याने जड आहे. त्यात सिंटॅस्टिक एडिटरला थांबवून ठेवूनच चेकर चालवतं, म्हणून व्हिम गोठतो.

सिंटॅस्टिकची देखभाल आता बंद आहे. त्याऐवजी एएलई हे व्हिमचं प्लगइन घ्या. ते चेकर पार्श्वभूमीला चालवतं, टायपिंग अडत नाही. मात्र व्हिम ८ किंवा त्यापुढचा लागेल (८.० आवृत्ती २०१६ ची). पेनड्राइव्हचंही जमेल: व्हिम ८ पासून प्लगइनचा फोल्डर होम डिरेक्टरीत डॉट-व्हिम, त्यात पॅक, त्यात कुठल्याही नावाचा फोल्डर आणि त्यात स्टार्ट, असा ठेवला की झालं. प्लगइन मॅनेजर लागत नाही.

प्रतिसाद २

त्यात भर. एएलई एकाहून अधिक चेकर चालवू पाहतं, म्हणून लिंटरच्या (म्हणजे चेकरच्याच) यादीत पायथॉनपुढे फक्त पायफ्लेक्स हा हलका चेकर लिहा. पायफ्लेक्स कोड न चालवता केवळ वाचतो. न वापरलेलं इम्पोर्ट आणि कुठेही न ठरवलेलं नाव पकडतो, पण शैलीबद्दल अवाक्षर काढत नाही. नवशिक्या मुलांना हेच हवं. 'मजकूर बदलला की तपास' ही सेटिंग 'नेव्हर' करा आणि इन्सर्ट मोड (टायपिंगची अवस्था) सोडतानाचा तपासही बंद करा. मग तपास फाइल उघडताना आणि सेव्ह करताना होईल. अर्धवट ओळीवर लाल खूण दिसली की मुलं गोंधळतात, हा माझा अनुभव.

आता ई ५०१. फ्लेक८ शैलीचे नियम पायकोडस्टाइल या साधनाकडून घेतं आणि त्याची मर्यादा ७९ वर्णांची आहे. 'विद्यार्थ्यांची' हा शब्द घ्या. आपल्याला तो चार अक्षरांचा दिसतो: वि, द्या, र्थ्यां, ची. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलंत वेगळा मोजला जातो, म्हणून पायथॉनमध्ये त्याची लांबी १५ भरते. मुलांना हे लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनने करून दाखवा. तक्रार घालवायला युक्ती सांगण्यापेक्षा हा एक तास जास्त कामाचा ठरेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आज चार मशीनवर एएलई आणि पायफ्लेक्स बसवलं. सेव्ह करताना आता थांबत नाही. 'विद्यार्थ्यांची'चे १५ पाहून मागच्या बाकावरच्या मुलांनी स्वतःची नावं मोजायला सुरुवात केली.

एक राहिलं. पीडीएफमधून कोड चिकटवला की फक्त सिंटॅक्सची एकच चूक दिसते, बाकीच्या दिसत नाहीत.

प्रतिसाद २

तसंच होणार. सिंटॅक्स चुकलं की पायफ्लेक्सला फाइल वाचताच येत नाही, म्हणून पहिली चूक दुरुस्त करून सेव्ह केल्यावरच पुढची दिसेल. पीडीएफमधल्या कोडमध्ये बहुधा वळणदार अवतरणचिन्हं असतात, ती पायथॉनला चालत नाहीत. व्हिममध्ये कर्सर त्या चिन्हावर नेऊन जी आणि ए दाबा, त्याचा युनिकोड क्रमांक खाली दिसेल. २०१ सी किंवा २०१ डी दिसला तर तिथे साधं अवतरणचिन्ह टाका.