स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टमधल्या ‘प्रेडिक्टेड’ला मराठीत काय लिहावं?

तलावपाळी
आमच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघात श्वासाच्या तपासणीचं, म्हणजे स्पायरोमेट्रीचं शिबिर आहे आणि मराठी माहितीपत्रक माझ्या गळ्यात पडलंय. रिपोर्टमध्ये मुख्य रकाने तीन: प्रेडिक्टेड, मेजर्ड आणि टक्के (मेजर्ड हे प्रेडिक्टेडच्या किती टक्के ते). मेजर्डला ‘मोजलेलं’ लिहून मोकळी झाले. प्रेडिक्टेडला जुन्या पत्रकात ‘भाकीत’ असं छापलंय. ते वाचून एका आजोबांनी विचारलं, “म्हणजे पुढे माझा दम एवढा होणार का?” काय लिहू?

खारीगाव
‘भाकीत’ काढाच. तो पंचांगवाल्यांना आणि हवामान खात्याला ठेवू. ‘अपेक्षित’ कसा वाटतो?

उपवन
‘मानक’ लिहा, सरकारी शब्द आहे.

नेरुळकर
मी नेरुळला पीएफटी करते, म्हणजे पेशंटच्या भाषेत ‘फुंकायची टेस्ट’. दिवसभर “फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका” ओरडायचं काम. त्यामुळे थोडं लांबण लावते.

तो आकडा येतो कुठून? मशीन आधी वय, उंची, स्त्री की पुरुष हे विचारतं, आकडा काढायची समीकरणं जुनी असतील तर वंशगटही. मग तशाच वयाच्या, तशाच उंचीच्या, धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसांनी किती फुंकलं होतं ते बघून आकडा देतं. शाळेच्या संख्याशास्त्रातला मध्यक, जवळपास तोच. म्हणजे ती माणसं आधी कुणीतरी मोजलेली असतात. २०१२च्या जीएलआय (ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह) समीकरणांमागे २६ देशांतली ७४,१८७ माणसं होती, वय ३ ते ९५. त्याआधी मुलांची समीकरणं वेगळी, मोठ्यांची वेगळी. अठराव्या वर्षी एकातून दुसऱ्यात गेलं की मुलाचं फुप्फुस एका रात्रीत सुधारायचं नाहीतर बिघडायचं, निदान कागदावर तरी. आता एकच सलग रेषा आहे: विशी-पंचविशीपर्यंत चढते, मग उतरते. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा निरोगी माणसातही दर वर्षी साधारण २५ ते ३० मिली कमी होत जाते.

म्हणून ‘मानक’ नको. मानक कुणीतरी बसून ठरवतं, सोन्याच्या शुद्धतेचं ठरवतात तसं. हे आकडे माणसं मोजून सापडलेत. मी ‘संदर्भमूल्य’ म्हणेन.

खारीगाव
संदर्भमूल्य बरोबर असेल, पण जड आहे. आजोबांना ‘नॉर्मल’ लगेच कळेल.

नेरुळकर
कळेल, पण भलतंच कळेल. एका आकड्याला नॉर्मल म्हटलं की त्याखालचे सगळे आजारी. ९२ टक्के आले म्हणून काळजीत पडलेले लोक मी रोज बघते. त्यांना ते १०० पैकी मार्क वाटतात! मध्यक म्हटला की निम्मी निरोगी माणसं त्याच्या खाली असणारच. १०५, ११० टक्केही येतात. नॉर्मल हा पट्टा असतो आणि त्याला खालची सीमा असते. १०० निरोगी माणसांतली तळाची ५ जिथे सुटतात, तिथे ती आखलेली आहे. झेड-स्कोअरमध्ये, म्हणजे मधल्या आकड्यापासून किती दूर ते सांगणाऱ्या मापात, ते उणे १.६४.

उपवन
मग ‘किमान सामान्य मूल्य’ म्हणा.

नेरुळकर
‘किमान’ म्हटलं की ३५ मार्कांना पास, असं वाचतील. सीमेखाली गेलेले सगळे नापास नसतात, ते ५ निरोगीच होते. ‘खालची सीमा’च बरी.

८० टक्क्यांखाली म्हणजे बिघाड, हा जुना नियम अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. पण सत्तरीपुढे ही सीमा ८० टक्क्यांच्या बरीच खाली उतरते. तुमच्या संघात तो नियम लावलात तर धडधाकट माणसांनाही दम्याच्या ओपीडीत पाठवाल.

कोपरखैरणे सेक्टर १९
‘संदर्भमूल्य’ला माझं मत, पण कारण वेगळं. ‘संदर्भ’ म्हटलं की ‘कुणाचा?’ हा प्रश्न आपोआप येतो. नॉर्मल म्हटलं की तो दबतो. २०१२च्या त्या समीकरणांत भारतीयांचा वेगळा गट नव्हता, आपली माणसं बऱ्याच ठिकाणी ‘अदर’मध्ये जातात. २०२२च्या ‘जीएलआय ग्लोबल’मध्ये वंशगट विचारतच नाहीत. शिवाय डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेली भारतीय समीकरणं आहेत, पुढे आणखीही झाली. फुंकलेली हवा तीच, समीकरण बदललं की टक्के बदलतात. आमच्या एमआयडीसीतल्या कंपनीत दर वर्षी टेस्ट होते. लॅब बदलल्यावर एकाचे टक्के घसरले, लिटरचा आकडा मात्र जवळपास तोच. महिनाभर बिचारा घाबरून होता. कुठली समीकरणं वापरली हे रिपोर्टवर असतं, बारीक अक्षरात. पत्रकात ते शोधायला सांगा.

तलावपाळी
ठरलं. रकान्यात ‘संदर्भमूल्य’ आणि खाली तळटीप: ‘तुमच्या निरोगी समवयस्कांवरून काढलेला आकडा’. चालेल ना?

खारीगाव
‘समवयस्क’मध्ये उंची सुटते.

नेरुळकर
आणि उंचीवरच तर बरंच अवलंबून. स्पायरोमीटर, म्हणजे हे फुंकायचं मशीन बनवणाऱ्या डॉ. हचिन्सनने १८४६मध्येच ते दाखवलं होतं. ‘तुमच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी स्त्रिया किंवा पुरुष’ असं सरळ लिहा, ओळ लांबली तर लांबू दे. आणि ताई, शिबिरात उंची मोजायची पट्टी न्या, चपला काढून मोजा. लोक लग्नाच्या वेळची उंची सांगतात. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजतात, त्यासाठी टेप लागेल.