मदत हवी आहे: मणक्याचा संधिवात आणि पोटातले जिवाणू, भात-पोळी बंद करून कुणाला फरक पडला का?

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो. धाकटा भाऊ, वय २७, दोन वर्षं कंबर धरलेली. ‘बैठं काम आहे, खुर्ची बदला’ ऐकून दोन खुर्च्या घेऊन झाल्या. पण याचं दुखणं उलटंच. पडून राहिला की वाढतं, चालला की उतरतं. पहाटे तीनला उठून हॉलमध्ये येरझाऱ्या. सकाळी मोजे आई घालून देते आणि तासाभराने हाच गडी ठाणे लोकलमध्ये ताठ उभा! आम्हाला नाटकं वाटायची. आता लाज वाटते.

शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलो. एमआरआयमध्ये एसआय जॉइंटला (मणक्याचं खालचं टोक आणि कमरेचं हाड जोडणारा सांधा) सूज, एचएलए-बी२७ हा जनुक पॉझिटिव्ह. निदान अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. डॉक्टरांनी आधी काय विचारावं? जुलाब होतात का, शौचातून रक्त जातं का, डोळे लाल होतात का. या आजाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या आतड्यात, पोटाची तक्रार नसतानाही, बारीक सूज सापडते म्हणे.

मग मी वाचत सुटलो. बी२७चा संबंध १९७३ पासून माहीत आहे, पण तो असलेल्या बहुतेकांना हा आजार होतच नाही. माणसाचा हा जनुक घातलेले उंदीर जंतुविरहित वाढवले तर त्यांचे सांधे सुजले नाहीत. नेहमीचे जिवाणू पोटात गेल्यावर सुजले. हे वाचून मी चाटच पडलो.

घोळ पुढे आहे. लंडनचे संशोधक ॲलन एब्रिंगर यांनी आतड्यातल्या क्लेबसिएला जिवाणूवर बोट ठेवलं आणि तो स्टार्चवर पोसतो म्हणून स्टार्च कमी करायला सांगितलं. ठोस पुरावा नाही, पण मावशीने ते व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि आईने भात, पोळी, बटाटा बंद केला. तीन आठवड्यांत पठ्ठ्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. दुखणं जैसे थे.

तर, कुणी हा आहार सहा महिने वगैरे निभावलाय का? डब्यात काय न्यायचात? दुसरं, शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज कळते ती) सांगितली आहे, पण रोजच्या पेनकिलरनेही तो आकडा वाढतो असं वाचलं. तुमच्या डॉक्टरांनी त्याआधी गोळी थांबवली होती का? आमची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे, तोवर मनाने काही बंद करणार नाही. ‘गोळ्या सोडा, ताक प्या’वाल्यांना आधीच नमस्कार. ताक तो पितोच.

ठाणे-ऐरोली पट्ट्यात हा आजार समजणारा फिजिओ माहीत असेल तर व्यनि करा.