अनुभव धागा: धंदा वाढतोय, हे तुम्ही कशावरून ओळखता?

गल्ल्यावर गर्दी दिसली की लोक म्हणतात, 'जोरात चाललंय!' पण विक्री, नफा आणि हातातली रोकड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. जूनमध्ये विक्री सगळ्यात जास्त आणि खातं सगळ्यात रिकामं, कारण शाळांची बिलं लवकर सुटत नाहीत. म्हणून मी जूनची तुलना मेशी न करता गेल्या जूनशी करते. तुम्ही कोणता आकडा पाहता? लिहा.

सीएनसी जॉबवर्क, भोसरी
आम्ही संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर दुसऱ्यांची कामं करून देतो. आमच्याकडे 'येणं किती दिवसांचं', म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे किती दिवस अडकलेत, हे विक्रीच्याही आधी बघतो. येणं भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. विक्री ६० लाख आणि येणं १५ लाख असेल, तर ९१ दिवस. ऑर्डर वाढली आणि हे दिवसही वाढले, तर स्टील आणि पगार बँकेच्या सीसीतून (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) जातात. कागदावर नफा दिसतो, व्याज मात्र रोख भरावं लागतं. छोटे कारखाने बंद पडलेले मी पाहिलेत, ते काम नव्हतं म्हणून नव्हे, पैसे अडकले म्हणून.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) कराच. २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी गिऱ्हाइकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातलं ४३बी(एच) हे कलम लागू झालं: सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. तेव्हापासून मार्चमध्ये गिऱ्हाइकांच्या अकाउंट्सवाल्यांचे स्वतःहून फोन येतात!

धागाकर्ती
दादा, हे आम्हा दुकानदारांना लागू आहे का?

सीएनसी जॉबवर्क, भोसरी
नाही ताई. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती (बँकांना ज्या क्षेत्रांना ठरावीक वाटा द्यावाच लागतो ते कर्ज). शाळांकडून आगाऊ रक्कम घेता आली तर बघा.

पोळी-भाजी केंद्र, ठाणे
मी आणि जाऊबाई मिळून चालवतो. सगळा खर्च जाऊन ४० हजार उरले, तर त्याला आम्ही नफा म्हणत नाही. आमच्या जागी दोन बायका ठेवल्या असत्या तर प्रत्येकी १५ हजार द्यावे लागले असते. ते आधी पगार म्हणून काढतो. राहिले १० हजार, तो नफा. घरच्या बायकांचे कष्ट फुकट धरून 'धंदा फायद्यात' म्हणणं मला अजिबात पटत नाही.

होळीला पुरणपोळीची मागणी प्रचंड असते. पण पुरण शिजवण्या-वाटण्यापासून तासाचा हिशेब मांडला, तर साधी पोळी जास्त देऊन जाते. म्हणून पुरणपोळीचा भाव वाढवला आणि ऑर्डरी मोजक्याच घेतो.

आंबा प्रक्रिया, रत्नागिरी
आमची खरेदी एप्रिल-मेमध्ये, विक्री वर्षभर. मे संपताना हातातली रोकड भागिले महिन्याचा ठरलेला खर्च: पगार, भाडं, विजेचं बिल, हप्ता. उत्तर चारच्या खाली आलं, तर पुढच्या हंगामात नवीन यंत्र घेत नाही, मागणी कितीही असो. पल्पचे डबे गोदामात भरलेले असतात, पण पगार डब्यांनी देता येत नाही.