पेंटबॉल गन अंगाला बसवून घेणं : गरज की मिरवणं?

खडकवासला_ट्रॅफिक :
गेल्या रविवारी मुळशीच्या बाजूला आमच्या कंपनीतल्या दोन टीमची पेंटबॉलची, म्हणजे गॅसच्या गननं एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळाची, मॅच झाली. माझी स्वतःची गन आहे, सेकंडहँड घेतलेली, टिपमन ९८ कस्टम नावाचं मॉडेल. भाड्यानं मिळतात त्यातलीच, फक्त मी तिच्यात बदल करून घेतलेत. बॅगेतून काढली तर समोरच्या टीममधला एकजण म्हणतो, "लग्नाला चाललीय का ही?" मग दिवसभर तेच पालुपद.

बदल असे : गॅसची बाटली गनखालून काढून कमरेच्या पट्ट्यात, तिथून स्प्रिंगसारखी वेटोळ्याची नळी गनला. मागे खांद्याला टेकवायचा, लांबी कमीजास्त करता येणारा दस्ता. पकडीवर बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप. बॅरलला (गोळी जाते त्या पुढच्या नळीला) जांभळं ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेनं चढवलेला पक्का थर) आणि बॉडीला त्याच रंगाचं पावडर कोटिंग.

भाड्याच्या गनमध्ये खालची बाटली हाच दस्ता. ती जेवढी लांब, तेवढा तुमचा हात लांब असायला हवा. वर हॉपरमध्ये (गोळ्यांच्या डब्यात) २०० गोळ्या, एक गोळी साधारण ३ ग्रॅमची, म्हणजे ६०० ग्रॅम नुसत्या गोळ्याच. दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं आणि बॅरल आपोआप खाली झुकते. मला नीट धरता येणारी गन ही चैन वाटत नाही. आणि पैसे घालून ती आपली केलीच आहे, तर रंग माझ्या आवडीचा का नको? तुम्हाला काय वाटतं?

सदाशिव_१_ते_४_बंद :
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन महिन्यांतून एकदा खेळायचं, त्यातला अर्धा दिवस मिसळ आणि सेल्फी, आणि त्यासाठी जांभळं कोटिंग?

या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत, न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावी झाला. बाराजण रानात उतरले. हातात नेल्स्पॉट ००७ पिस्तुलं, जी मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेली होती. झेंडे गोळा करायचे होते. जिंकला रिची व्हाइट नावाचा, जंगलात काम करणारा माणूस, आणि त्यानं एकही गोळी झाडली नाही. त्याच्या पिस्तुलाला ग्रिप कसली होती हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

पैसे जास्त झाले असतील तर चांगला दुहेरी काचेचा मास्क घ्या, म्हणजे वाफ धरणार नाही. गुडघ्याला पॅड घ्या. आणि दम वाढवायला पायथ्यापासून सिंहगड चढा.

पाच_फुटी_तोफ :
सदाशिवराव, तुमची उंची किती हो? माझी पाच फूट. भाड्याच्या गनची बाटली खांद्याला लावली की चापापर्यंत पोचायला उजवा हात जवळजवळ सरळ करावा लागतो आणि मान पुढे काढावी लागते. तोल राखायला डावं कोपर बाहेर. आडोशामागून समोरच्याला आधी ते कोपर दिसतं, आणि गोळी बसते ती तिथेच. टीममधले म्हणायचे, हिला लपता येत नाही. मैत्रिणीची छोट्या बाटलीची गन हातात आली आणि कोपर आत गेलं. बाकी मी तीच, आडोसा तोच.

सिंहगड मीही चढते. चढून हात लांब होत नाहीत.

मास्कबद्दल मात्र सहमत. त्यातून एक मुद्दा निघतो जो दुकानवाले सांगत नाहीत : मास्क घातल्यावर गाल दस्त्याला टेकतच नाही. त्यामुळे रायफलसारखा सरळ दस्ता लावला की डोळा बॅरलच्या बराच वर राहतो. दस्ता खाली उतरता हवा.

शिट्टीवाला :
शनिवार-रविवार एका ग्राउंडवर मार्शलचं, म्हणजे पंचाचं, काम करतो. दस्ता, ग्रिप, रंग याला माझी ना नाही. पण एकदा गन उघडायची चटक लागली की माणूस दस्त्यावर थांबत नाही, हा माझा अनुभव आहे. आधी ग्रिप, मग जास्त ताकदीची स्प्रिंग, मग रिस्पॉन्स ट्रिगर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : त्यात गोळी सुटल्यावर उरलेला गॅस चापाला परत पुढे ढकलतो, तुम्ही बोटाचा दाब तेवढा कायम ठेवायचा. गोळ्या सुटत राहतात. आणि समोर कोण असतं? वाढदिवसाला पहिल्यांदा आलेली कॉलेजची पोरं, भाड्याच्या गन घेऊन. त्यांच्या मांड्यांवरचे वळ मी बघतो, तुम्ही घरी गेलेले असता.

दुसरं, वेग. सर्वसाधारण मर्यादा ३०० फूट प्रति सेकंद, बरीच ग्राउंड २८० वर ठेवतात. कार्बन डायऑक्साइडची बाटली असेल तर सकाळचं मोजमाप दुपारी खरं धरू नका. २० अंशांना बाटलीतला दाब साधारण ५७ बार असतो, ३० अंशांना ७२ च्या घरात. ३१ अंशांच्या वर तर तो द्रव म्हणून राहतच नाही. एप्रिलात सकाळी गारव्यात २७५ ला बसवलेली गन दुपारी ३०० ओलांडताना मी स्वतः क्रोनोवर (गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर) पाहिली आहे, आणि मालक हात जोडून सांगत होता की वेग बदलायच्या स्क्रूला हात लावलेला नाही. खरंच नव्हता लावलेला. उन्हानं लावला.

म्हणून स्वतःची गन आणणाऱ्याला माझी एकच अट : दर गेमआधी क्रोनो. "मी चेक केलंय" चालणार नाही. कॉम्प्रेस्ड हवेची बाटली आणि रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) असेल तर हा त्रास बराच कमी, पण मोजायचं तरीही.

भोसरी_जॉबवर्क :
रंगावर तज्ज्ञ बोलत नाहीयेत म्हणून मी बोलतो. धागाकर्त्यानं बॉडीला पावडर कोटिंग केलं ते बरोबर केलं. ती बॉडी डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या, ॲल्युमिनियमची. त्यात सिलिकॉन जास्त असतं, ॲनोडायझिंगला टाकली की जांभळ्याऐवजी काळपट डाग येतात आणि मग गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं. ॲल्युमिनियमच्या सळईतून टर्निंग केलेल्या बॅरलवर रंग छान चढतो.

पावडर कोटिंगचं ओव्हन १८० ते २०० अंशांचं असतं. एक साहेब ओ-रिंगा, स्प्रिंगा, सगळं आत ठेवून अख्खी गन घेऊन आले होते. पूर्ण खोलून, नुसती बॉडी आणा. आणि आटे टेप लावून झाका, नाहीतर थर चढल्यावर बॅरल बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं : हौसेनं मास्कच्या काचेवर स्प्रे मारू नका, थिनरनं पुसू नका. पॉलिकार्बोनेटला सॉल्व्हंट लागलं की बारीक चिरा पडतात. त्या सुरुवातीला दिसत नाहीत, पण गोळी बसली की काच दगा देते. गन सोन्याची करा, मास्क आहे तसा राहू द्या.

बालेवाडी_लेन :
मी १० मीटर एअर रायफल मारतो, त्यामुळे सदाशिवरावांचा प्रतिसाद वाचून गंमत वाटली. आमच्याकडे रायफल ५.५ किलोच्या वर चालत नाही, पण त्या मर्यादेत दस्त्याची लांबी, गालाचा टेकू, खांद्याची पट्टी, सगळं ज्याच्या-त्याच्या मापानं. स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं तो प्रकार ५० मीटर थ्री पोझिशनचा. त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं असतं आणि प्रत्येक वेळी सेटिंग बदलतं. तिथे कुणी म्हणत नाही की दम वाढव, दस्ता कशाला हलवतोस.

पण लांब बॅरलवर पैसे घालणाऱ्यांना माझाही विरोध. पेंटबॉल जिलेटिनच्या कवचातली रंगाची गोळी आहे, बॅरल आतून गुळगुळीत. लांबी वाढवून ती सरळ जात नाही, एका मर्यादेपुढे गॅस तेवढा जास्त खाते. फरक पडतो तो गोळी आणि बॅरलचा आतला व्यास जुळण्यानं. जिलेटिन हवेतली ओल पितं. जुलैत सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये उघडी राहिलेली पिशवी बघा, गोळ्या फुगतात, एकमेकींना चिकटतात, आणि मार्चमध्ये मस्त चालणाऱ्या बॅरलमध्ये फुटतात. फॅन्सी बॅरलपेक्षा झाकण घट्ट लागणारा डबा घ्या.

सदाशिव_१_ते_४_बंद :
कुसाळे वर्षानुवर्षं रोज सराव करून मग सेटिंगला हात घालतो. इथे सेटिंग आधी, सराव पुढच्या वाढदिवसाला. तोफताईंचा मुद्दा मात्र रास्त आहे, पण त्याचं उत्तर ग्राउंडवाल्यांनी दोन मापांच्या बाटल्या ठेवणं हे आहे. प्रत्येकानं गन विकत घेणं नव्हे.

आणि त्या कमरेच्या नळीचं काय? करवंदीच्या जाळीत शिरलात की ती मागे ओढून धरते. आडोशाच्या डाव्या बाजूनं मारायला गन डाव्या हातात घेतली की छातीवर आडवी. आराम म्हणे. हलकं घ्या.

चांदणी_चौक_चकवा :
रंगाच्या बाजूनं एक मत. जांभळी, पोपटी, काय वाटेल ती करा, पण काळी करून वर दुर्बीण आणि खोटा सायलेन्सर लावणाऱ्यांचं मला कळत नाही. आमच्यातला एकजण तसली गन पाठीला अडकवून बाईकवर निघाला होता. नाकाबंदीला अडवल्यावर "साहेब, रंगाची आहे" हे वाक्य कसं ऐकू येतं, कल्पना करा. अर्धा तास गेला, खेळ बुडाला. बंद बॅगेत न्या, बॅरलच्या तोंडाला सॉक (कापडी टोपी) घाला, बाटली वेगळी ठेवा. जांभळ्या गनला निदान कुणी खरी तरी समजणार नाही.

जाता जाता, खंडेनवमीला मी माझी मार्कर (म्हणजे हीच गन) पाटावर मांडली होती. आईनं हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, आधी ते नाक पुसून घे, मागच्या वेळचा पिवळा रंग तसाच आहे.

खडकवासला_ट्रॅफिक :
शिट्टीवाले, क्रोनोला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. स्प्रिंग मूळचीच आहे, रिस्पॉन्स ट्रिगर नको म्हणूनच घेतला नाही. तुम्ही स्प्रिंग आणि ग्रिप एका माळेत ओवताय ते मला पटत नाही. मनगटाचा आराम माझ्यापुरता असतो, गोळीचा वेग समोरच्याच्या अंगावर जातो. ग्राउंडच्या नियमातही हे दोन वेगळे ठेवा ना.

सदाशिवराव, नळी अडकते हे खरं. मी ती पाठीवरून, खांद्याच्या पट्ट्याखालून घेतो, मग जाळीत कमी सापडते. हात बदलताना त्रास होतोच, पण दिवसभर बाटली पेलण्यापेक्षा तो मला परवडतो. आणि दोन मापांच्या बाटल्या ठेवणारं ग्राउंड सापडलं तर इथे नक्की टाका, पहिलं बुकिंग माझं.

नवा_भिडू_वारजे :
वाद चालू द्या, मला दस्ता घ्यायचाय. माप कसं काढायचं?

खडकवासला_ट्रॅफिक :
कोपर काटकोनात वाक. दस्त्याचं मागचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकव आणि पकडीवर हात ने. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. मग मास्क आणि पॅड घालून पुन्हा बघ. बहुतेकांना तेव्हा अजून थोडा आखूड लागतो, म्हणून लांबी बदलता येणाराच घे.

शिट्टीवाला :
आणि हे सगळं बाटली काढून, हॉपर उतरवून. बाटली काढल्यावरही आत एखाद-दुसऱ्या शॉटचा गॅस उरतो, तो मोकळ्या जमिनीकडे तोंड करून आधी सोडून द्या. घरात तर नाहीच नाही.