लॅकेनालियाचे इवले कंद पावसाळ्यात कसे जपायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते. तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी. गेल्या कोजागिरीच्या सुमारास लॅकेनालिया या कंदापासून वाढणाऱ्या फुलझाडाचं बी पेरलं. मोहरीएवढं, काळं, चकचकीत. हे कंद दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातले. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपलं नेमकं उलटं! म्हणून रात्री गार व्हायला लागल्यावरच पेरणी केली. निम्मी वाळू, थोडं कोकोपीट, थोडं गांडूळखत.

40 पैकी 23 उगवली. प्रत्येकाला केसासारखं एकच पान, बघणाऱ्याला वाटावं कुंडीत गवत माजलंय. मार्चमध्ये पानं पिवळी पडली तसं पाणी बंद केलं. राहवेना, म्हणून एक कुंडी उकरली: तुरीच्या डाळीएवढे पांढरे कंद! परत पुरून ठेवले.

दुसऱ्या कुंडीला मात्र सासूबाईंनी "बिचारी सुकली गं" म्हणत महिनाभर पाणी घातलं. सगळे कंद कुजले. त्यांना काय बोलणार, चिठ्ठी मीच लावायला हवी होती.

आता जून तोंडावर आलाय. उरलेले कंद कोरड्या मातीत कुंडीतच ठेवू, की काढून कागदी पाकिटात? एवढे बारीक कंद बाहेर वाळून चिपाड होतील अशी भीती वाटते. आणि कुंडीत ठेवले तर आपल्या दमट हवेत बुरशी येणार नाही ना? पुण्यात कुणी दोन-तीन वर्षं सांभाळून फुलापर्यंत नेलेत का? पाणी पुन्हा कधी सुरू केलंत, तेही सांगा.