अनुभव धागा: स्वस्तातले सायकलचे दिवे – कसे बांधता, काय बदलता?

माळवीण
माळा आवरताना बाटलीसारखा जुना डायनॅमो हाती लागला आणि त्याची ती घूंऽऽ आठवली. आता सगळ्यांकडे दीड-दोनशेचे दिवे. पावसाळा संपला की तेच ते प्रश्न, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून टाका.

सुरुवात मी करते. या दिव्यांतली एलईडी सहसा जात नाही. दगा देतात क्लॅम्प, स्प्रिंग आणि पाणी. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी गुंडाळा, मगच स्क्रू आवळा. नुसतं प्लास्टिक नळीवर घसरतं, आणि खड्डा आला की दिवा मान टाकतो. हँडलचा मधला भाग जाड असेल (३१.८ मिमी) तर साधा क्लॅम्प तिथे ताणू नका, चिरतो. कडेच्या २२ मिमीच्या भागावर बसवा. केबल टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात तडकतात.

पेडलमारू
बांधलं ठीक, पण तोंड कुठे? निम्मे लोक समोरच्याच्या डोळ्यांत मारतात. सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून ९० सेंमीवर असेल तर झोताचा मध्य भिंतीवर ४५ सेंमीवर यायला हवा, म्हणजे रस्त्यावर तो १० मीटरवर पडतो. गावात पुरे. इंदूरच्या खंडवा रोडला घाटात उतरताना नाही पुरत: ताशी २५ म्हणजे सेकंदाला ७ मीटर, ब्रेक दाबेपर्यंतच ७ गेले. तिथे मध्य ६० सेंमीवर घ्या, झोत १५ मीटरवर जातो.

जिरावन
एवढं करून जाणार शेवटी सराफ्यातच खायला ना भिया, तिथे उजेडच उजेड :)

सियागंजी
तीन पेन्सिल सेलच्या दिव्यात लिथियम सेल घालणाऱ्यांसाठी. आतली पाटी (सर्किट बोर्ड) उघडून बघा, बहुतेकांत करंट आवरणारा रेझिस्टर नसतोच. साध्या सेलच्या आतल्या रोधावर काम भागवलेलं असतं. १८६५० चा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) लिथियम सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो आणि त्याचा आतला रोध नगण्य, त्यामुळे एलईडी तापून काळी पडते.

१ वॅटच्या पांढऱ्या एलईडीला ३.२ व्होल्टच्या आसपास लागतात. मालिकेत ३.३ ओहम घाला, सुमारे ३०० मिलिअँपिअर जातील. रेझिस्टर १ वॅटचा घ्या, पाव वॅटचा जळेल. एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थर्मल पेस्ट लावून बसवा. सेल उतरला की उजेडही उतरतो, ते गृहीत धरा. मागच्या ५ मिमीच्या लाल एलईडीला प्रत्येकी १२० ओहम. चार एलईडींना मिळून एक रेझिस्टर नको, सगळ्या सारख्या नसतात, एकीवरच भार येतो.

ओटला
चार्जिंगचं काय मग? मोबाइलच्या चार्जरने होतं का?

सियागंजी
@ओटला हो, मध्ये टीपी४०५६ या चार्जिंग चिपची पाटी लावून. सहा टोकांची घ्या, तिच्यात सेल-संरक्षण असतं. चार टोकांची घेतली तर सेल शेवटच्या थेंबापर्यंत पिळला जातो आणि मरतो. दिवा पाटीवरच्या ‘आउट’ टोकांवर जोडायचा, सेलच्या ‘बी’ टोकांवर नाही. ती १ अँपिअरने चार्ज करते, सेल छोटा असेल तर तिच्यावरचा १.२ किलो-ओहमचा रेझिस्टर काढून २ किलो-ओहमचा लावा. महाराणी रोडच्या दुकानांत विचारा.

सायकलवाली काकू
आणि ९९०० एमएएच छापलेला सेल उचलू नका कोणी! त्या मापात एवढं मावतच नाही, चांगल्यातला चांगला ३५०० च्या आसपास. वजन करा. खरा ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, फारच हलका लागला तर परत द्या. (वरण उतू गेलं, आले)

दांडियाबाजार
बडोद्याहून. पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही की. वरून गरम गोंद थापू नका, गरम-थंड होऊन सुटतो. सांध्याला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं. तळाला २ मिमीचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट पाहिजे. सेलच्या टोकांना पुसट व्हॅसलीन.
स्प्रिंग गंजली की खड्ड्यात दिवा लुकलुकतो. सॅंडपेपरने घासा, थोडी ताणा, आणि स्प्रिंगच्या आतून तांब्याची बारीक तार दोन्ही टोकांना सोल्डर करा. वीज तारेतून जाते, स्प्रिंगने फक्त दाबून धरायचं.

माळवीण
व्वा, हे स्प्रिंगचं हवंच होतं. काकू, वरण वाचलं का?

सायकलवाली काकू
अर्धं. मागच्या दिव्याचं राहिलं: सीटखाली लावला की जॅकेट नाहीतर पिशवी त्यावर येते. मडगार्डवर किंवा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर लावा. आणि सरळ मागे बघू दे, जमिनीकडे नाही.

लष्करकर
डायनॅमो टाकू नका हो ताई! ६ व्होल्ट ३ वॅटचा असेल. बल्ब काढून एलईडी लावता येते, पण तो एसी देतो, म्हणून त्याचं डीसी करायला चार १एन५८१९ डायोडचा ब्रिज आणि त्यापुढे १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. १ वॅटची नको, ३ वॅटची एलईडी घ्या. वेगात डायनॅमो अर्धा अँपिअर ढकलतो, तेवढा ती आरामात झेलते.
मुख्य गोम अशी की डायनॅमोचं एक टोक फ्रेमच असतं. ब्रिजनंतर एलईडीचं कुठलंही टोक फ्रेमला टेकलं तर एक डायोड शॉर्ट. दिव्यापर्यंत दोन तारा न्या, धातूचा दिवा असेल तर आत फायबरचा वॉशर. फ्रेमचा रंग मात्र डायनॅमोच्या क्लॅम्पखाली खरवडायचाच.
डायनॅमोच्या आसाची रेघ चाकाच्या मध्याकडे जायला हवी. तिरका बसला की टायरची कड खातो.

ओटला
मागे लुकलुक हवी आहे, ५५५ टायमर चिपने? सेल ३.७ व्होल्टचा लिथियमच.

दांडियाबाजार
साधा एनई५५५ ४.५ व्होल्टच्या खाली भरवशाचा नाही. ७५५५ घ्या, ती त्याचीच कमी व्होल्टवर चालणारी सीमॉस आवृत्ती. १० आणि ३३ किलो-ओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, की सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतं. चार-पाच एलईडी थेट त्यावर नको, मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाल. काळोख्या रस्त्यावर एक दिवा सलग चालू ठेव, नुसत्या लुकलुकीवरून अंतर कळत नाही.

जिरावन
एवढं वाचून मी नुसता रिफ्लेक्टरच पुसला.

लष्करकर
तोही साबणाच्या पाण्याने पुसा, थिनर लावलात तर आतलं प्लास्टिक धुरकटतं.

ओटला
@दांडियाबाजार बीसी५४७ चा बेस सरळ ३ नंबरच्या पिनला?

दांडियाबाजार
नाही, मध्ये १ किलो-ओहम. एमिटर निगेटिव्हला, एलईडी कलेक्टरच्या बाजूला, आपापल्या रेझिस्टरसकट. पाच-सहाच्या वर नेऊ नकोस, तो १०० मिलिअँपिअरचाच आहे.