पतसंस्थेच्या डेटाबेसमधला आधार नंबर: एन्क्रिप्ट करायचा तर शोधायचा कसा?

वारणाकाठचा_कोडर:
नमस्कार मंडळी. सांगली भागातल्या काही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आता माझ्या गळ्यात पडलंय. सी शार्प, मायएसक्यूएल, आणि शाखेच्या जिन्याखाली ठेवलेला सर्व्हर. आधारचा कॉलम एन्क्रिप्टेड (गुप्त रूपात साठवलेला) आहे म्हणून ऑडिटरही खूश. परवा डेटा चाळताना दोन सख्ख्या भावंडांची अल्पवयीन खाती समोर आली. पालक म्हणून दोन्हीकडे वडिलांचाच आधार, आणि दोन्ही ओळींत ३२ अक्षरांचा हेक्स (एन्क्रिप्ट झालेला मजकूर) अगदी तोच. क्वेरी उघडली तर नुसतं एईएस_एन्क्रिप्ट हे मायएसक्यूएलचं फंक्शन, आणि की, म्हणजे मजकूर उघडायची गुप्त किल्ली, कोडमध्येच: संस्थेचं नाव नि स्थापनेचं साल! हे बदलायला हवं, एवढं कळतंय. पण नवा सभासद आला की हा आधार आधीच कुणाच्या नावावर आहे का, हे काउंटरवर तिथल्या तिथे बघावं लागतं. नीट एन्क्रिप्ट करून त्याच नंबराचा दर वेळी वेगळा मजकूर निघाला तर शोधू कसा? आणि की ठेवू कुठे? क्लाउड सुचवू नका, संचालक मंडळ मला दारात उभं करणार नाही.

अभि_नाशिक:
सोप्पंय दादा. शोधण्यासाठी शा-२५६ हॅशचा (नंबरावरून निघणाऱ्या ठरावीक ठशाचा) वेगळा कॉलम ठेव, त्यावर इंडेक्स लाव. हॅश उलटा फिरत नाही.

जुना_डीबीए:
अभि, थांब जरा. हॅश उलटा फिरवायची गरजच नाही. आधारचे आकडे १२. पहिला ० किंवा १ नसतो, शेवटचा तपासणीचा असतो, म्हणजे तो आधीच्या ११ वरूनच ठरतो. उरले ८ हजार कोटी नंबर. एकेकाचा हॅश काढून जुळवत जायचं, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. फाईल हाती लागलेला माणूस चहा संपायच्या आत सगळा कॉलम उघडेल. मीठ (हॅश काढण्याआधी नंबराला जोडलेला रँडम मजकूर) घालूनही भागत नाही: सगळ्यांना एकच मीठ ठेवलं आणि ते डेटाबेससोबत गेलं तर उपयोग शून्य, प्रत्येकाला वेगळं ठेवलं तर शोधता येत नाही.

त्याऐवजी एचमॅक वापरा. हॅशच, पण गुप्त की घालून काढलेला. काउंटरवर नंबर टाकला की ॲपने एचमॅक काढायचा आणि त्या कॉलममध्ये जुळतोय का बघायचं. ही की वेगळी, एन्क्रिप्शनची वेगळी. त्या भावंडांचा एचमॅक मात्र सारखाच येणार, तेवढं कळतं. शोधायचं असेल तर ती किंमत आहेच.

तुम्हाला दिसलेल्या प्रकाराचं कारण ईसीबी मोड. मायएसक्यूएलमध्ये काही न सांगता ते फंक्शन वापरलं की एईएस-१२८-ईसीबीच चालतं: तोच मजकूर, तीच की, तोच निकाल. २०१३ मध्ये ॲडोबीची पासवर्डची यादी फुटली, तिथेही ट्रिपल डेस ही एन्क्रिप्शनची पद्धत होती, पण ईसीबीमध्ये. शेजारी लोकांनी पासवर्ड आठवावा म्हणून लिहिलेल्या सूचना उघड्या होत्या. एकाच्या सूचनेवरून पासवर्ड ओळखला की तोच मजकूर असलेले सगळे उघडे.

एन्क्रिप्शन ॲपमध्ये करा, एईएस-जीसीएमने (एईएसचाच दुसरा मोड, त्यात मजकुरात केलेली ढवळाढवळही पकडली जाते). प्रत्येक ओळीला १२ बाइटचा नवा रँडम नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), तो मजकुरासोबत साठवा. एका कीखाली नॉन्स पुन्हा वापरला तर जीसीएम पार कोसळतं. सभासद क्रमांक जोड-डेटा (एन्क्रिप्ट न होता तपासणीत धरला जाणारा मजकूर) म्हणून द्या, म्हणजे एकाचा आधार उचलून दुसऱ्याच्या ओळीत चिकटवला तर उघडतानाच एरर येईल. आणि सुरुवातीला कीची आवृत्ती लिहा. पुढे की बदलाल तेव्हा दुवा द्याल. जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कसोबत जीसीएमचा क्लास येत नाही, तेवढं बघून घ्या.

आता की. जिन्याखालचा सर्व्हर सहसा कोणी पळवत नाही, पेन ड्राइव्हवरचा बॅकअप हरवतो. म्हणून बॅकअपमध्ये की जाता कामा नये. विंडोज असेल तर डीपीएपीआयने (गुपितं जपायची विंडोजचीच सोय) सर्व्हिसच्या अकाउंटखाली की गुंडाळून ठेवा. मशीन जळलं तर ती कीही गेली, म्हणून एक प्रत कागदावर, सीलबंद पाकिटात, संस्थेच्या लॉकरमध्ये. आणि त्या पाकिटातली की टाइप करून दुसऱ्या मशीनवर डेटा एकदा खरंच उघडून बघा. ओ की शून्य, एल की एक, हे भांडण तेव्हाच मिटू दे.

मीनल_पुणे:
मी कर्जवाटपाच्या सॉफ्टवेअरवर काम करते. माझा पहिला प्रश्न वेगळाच: पूर्ण नंबर हवाच कशाला? ओळख पटवून झाल्यावर शेवटचे चार आकडे पुरत असतील तर तेवढेच ठेवा. पूर्ण ठेवायचाच असेल तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयने २०१७ मध्ये आधार डेटा व्हॉल्टचा नियम काढला, तो वाचा. नंबर एका वेगळ्या तिजोरीत, बाकी सगळ्या टेबलांत फक्त संदर्भ क्रमांक. तो तुम्हाला कितपत लागू होतो ते सीएंना विचारा. आणि झेरॉक्स स्कॅन करून ठेवलेल्या जेपीजी फाईली कुठे आहेत? बहुतेक ठिकाणी कॉलम बंद आणि फोल्डर सताड उघडं असतं.

वारणाकाठचा_कोडर:
मीनलताई, फोल्डर शेअर केलेलंच निघालं, वर "केवायसी नवीन" असं नावही! ते आजच बंद केलं. डीबीएसाहेब, जुन्या बॅकअपचं काय करू? व्यवस्थापकांच्या ड्रॉवरमध्ये पेन ड्राइव्ह पडलेत.

जुना_डीबीए:
जुनी की फुटलीच असं धरून चाला. आधी नवे कॉलम भरा, आठवडाभर चालवून बघा, मग जुना कॉलम रिकामा करा. हिशेबासाठी जितके बॅकअप ठेवणं भाग आहे तितके पूर्ण एन्क्रिप्ट करून ठेवा, बाकीचे ड्राइव्ह फोडा, नुसतं डिलीट नको. बायनरी लॉग (मायएसक्यूएल डेटातल्या बदलांची नोंद ठेवतं त्या फाईली) स्टेटमेंट फॉरमॅटमध्ये असेल तर त्यात क्वेरीसोबत आधार आणि की दोन्ही उघडे पडलेले असतात. कॉलम रिकामा झाला की नवा बॅकअप घ्या आणि मग ते लॉगही साफ करा. स्कॅनच्या फोल्डरचाही बॅकअप त्याच ड्राइव्हवर जातो का, ते बघून सांगा.